आत्याची वॉर्डातली अरबी

आत्याची अरबी हळूहळू तिच्या हातून सुटत चालली होती, आणि ते फक्त तिलाच कळत होतं.

परदेशातून परत येऊन तिला चार वर्षं झाली होती. त्याआधी एकोणीस वर्षं ती समुद्रापलीकडच्या एका इस्पितळात मुलांच्या वॉर्डात आया होती. चादरी बदलायच्या, अंगं पुसायची, रडणाऱ्याला खांद्यावर घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. भाषा ती तिथेच शिकली, मुलांच्या तोंडून. पहिल्या दिवशी एक नर्स तिला भराभरा काहीतरी सांगत होती. एक अक्षर कळेना. मग त्या धबधब्यातून अचानक ‘साबून’ असा शब्द बाहेर आला, आणि आत्याने जाऊन साबण आणला. पुढे खुर्ची सापडली, ती तिथे कुर्सी होती. हवा सापडली, ती हवाच होती. काम संपलं की ‘खलास’ म्हणायचं, हे तर ती घरूनच शिकून गेली होती. परक्या गावात ओळखीची चार माणसं भेटावीत तसे हे शब्द भेटले, आणि त्यांचं बोट धरून ती बाकीच्या शब्दांच्या घरात शिरली.

आता ती भावाकडे राहत होती. भाऊ, वहिनी, भाची, सगळे मायेचे. पण अरबीत बोलायला कोण? एका सकाळी उश्यांना अभ्रे घालताना तिला उशीचा शब्द आठवेना. ज्या उश्या तिने एकोणीस वर्षं रोज शेकड्याने नीट केल्या होत्या, त्यांचं नावच नाहीसं झालं होतं. अभ्रा हातात धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली. तिसऱ्या दिवशी शब्द आपणहून परत आला, मखद्दा, पण तोवर ती घाबरली होती. आज उशी गेली. उद्या चादर जाईल, मग पाणी. तिची ती सगळी वर्षं त्या भाषेत घडली होती. मराठीत त्यांची नुसती पत्रं आली होती.

वहिनीला सांगितलं तर वहिनी म्हणाली, “वन्सं, मला रोज स्वतःचा चष्मा सापडत नाही, आणि तुम्ही परमुलखातल्या उशीचं काय घेऊन बसलात.”

मग भाचीने एक जाहिरात आणून दाखवली. एका शाळेत, सुट्टीत, आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी तीन आठवड्यांचं अरबी शिबिर होतं. प्रयोग, चित्रं, गाणी, गोष्टी, सगळं अरबीतून. मदतनीस हवी होती. अरबी बोलता येणं आवश्यक. शिबिर नीट पार पडलं तर पुढे वर्षभर शनिवारचा वर्ग चालणार होता, आणि मदतनीस तीच राहणार होती. आत्याने जाहिरात दोनदा वाचून घेतली. तिला पगारापेक्षा तो शनिवार दिसत होता. आठवड्यातून एकदा का होईना, तोंडात ती भाषा.

शिबिर चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. तीस वर्षं त्या पुस्तकांतून अरबी शिकल्या आणि शिकवत आल्या होत्या. त्यांच्या साडीची घडी आणि वाक्याची घडी दोन्ही मोडलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी आत्यासमोर अरबीत लिहिलेला एक कागद सरकवला. आत्याने सरळ सांगितलं की वाचता येत नाही, बोलता येतं. मग मोठ्या बाईंनी रंगाचे ब्रश धुता येतात का ते विचारलं.

शिबिराचा नियम कडक होता. दारापाशी चपला काढायच्या, तशी आपली भाषाही काढून ठेवायची. आत हाकासुद्धा अरबीतूनच. सगळी तिला आत्याच म्हणायला लागली होती, तेव्हा मोठ्या बाईंनी काटेकोरपणे विचारलं की नक्की बापाची बहीण ना? मावशी असती तर ‘खाला’ झाली असती. बापाच्या बहिणीला अरबीत ‘अम्मा’ म्हणतात. त्या दिवसापासून बावीस मुलं तिला अम्मा म्हणून हाका मारू लागली. हे ऐकून वहिनी हसून हसून खाली बसली. “लग्नाला नाही म्हणालात, आणि बावीस पोरांची अम्मा होऊन बसलात. आमचं एकीतच कंबरडं मोडलं.” त्या संध्याकाळी आत्या भाजी निवडताना गुणगुणत होती.

पहिल्या आठवड्यात भिंगवाल्या सरांनी अंधाराची खोली केली. हे विज्ञानाचे सर. खिशात कायम एक भिंग असायचं. त्यांची अरबी एका चिठ्ठीवर मावायची आणि चिठ्ठी संपली की ते हातवारे करायचे. वर्गाच्या खिडक्यांना त्यांनी काळा कागद लावला आणि एका कागदाला पेन्सिलच्या टोकाएवढं भोक पाडलं. दार बंद झालं. काही वेळ काहीच दिसेना. मग समोरच्या भिंतीवर अंगण उमटलं, उलटं. झाडाचा शेंडा जमिनीकडे लोंबत होता, खाली आकाश साठलं होतं, आणि पानं खरीखुरी हलत होती, आवाज न करता. कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. तेवढ्यात अंगणातून मोठ्या बाई गेल्या. भिंतीवर त्या डोकं खाली, पाय वर अशा छताजवळून चालत होत्या, आणि त्यांची छत्री एखाद्या काळ्या वाडग्यासारखी खाली लटकत होती.

त्या अंधारात आत्याला वॉर्ड आठवला. पडदे ओढलेली दुपार, ओळीने खाटा, आणि एकेका खाटेजवळ थांबून ती विचारायची तो प्रश्न. तो तिच्या तोंडून निघूनच गेला. “शलोनकुम?”

समुद्रापलीकडे लोक ‘कसे आहात’ असं विचारायला हाच शब्द वापरत. शब्दशः त्याचा अर्थ ‘तुमचा रंग कोणता’. नवीन असताना आत्या तिथेच फसली होती. एका आजारी मुलाच्या खडूपेटीवरून तिने आदल्याच दिवशी रंगांचे शब्द पाठ केले होते. सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिला तेच, एकट्या बाईला विचारतात तसं, “शलोनिच?” विचारलं. आत्याने आपल्या हाताकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “बुन्नी.” तपकिरी. सगळा वॉर्ड हसला, सलाइन लावलेली मुलंसुद्धा. त्यानंतर ती मुलं आत्याला उत्तर द्यायची ती रंगातच. ‘बरा आहे’ कुणी म्हणायचं नाही. निळा आहे, पिवळा आहे. फार दुखत असलं की काळा. थर्मामीटर यायच्या आधी तिला कळायचं की आज कोणत्या खाटेजवळ जास्त बसायचं.

अंधाराच्या खोलीतून बाहेर आल्यावर तिने चित्रांच्या वर्गात रंगांच्या बाटल्या मांडल्या आणि एकेकाला तोच प्रश्न विचारला. मुलांना समजायला दोन मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारातच गलका उठला, अम्मा, अजरक, अम्मा, अखदर. निळी, हिरवी, पिवळी पोरं चपला काढत होती. राखाडीला शब्द काय म्हणून एकाने बोटाने ढग दाखवला, तर आत्याने सांगितलं, रमादी. रमाद म्हणजे राख. आपला राखाडी जिथून आला, तिथूनच त्यांचाही.

मोठ्या बाईंनी हे चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवशी त्यांनी आत्याला कोठीच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून मराठीत म्हणाल्या, “तुमची अरबी वॉर्डातली आहे. ही पुस्तकातली नाही. मुलांची जीभ एकदा तिकडे वळली की मला ती सरळ करता येणार नाही. त्यांच्यासमोर बोलू नका.”

“मग कशात बोलू? मराठीला तर दारातच बंदी आहे.”

“बोलायची गरज पडणार नाही. काम हातांचं आहे.”

त्यांनी हेही सांगितलं की शनिवारच्या वर्गासाठी दुसरी कुणी बघावी लागेल असं दिसतंय.

आत्याने हे घरी सांगितलं, तेव्हा ती रडेल असं वहिनीला वाटलं होतं. आत्या रडली नाही. तिने फक्त एवढं सांगितलं की पुस्तकात ‘कसे आहात’ला ‘कैफ हालुकुम’ म्हणतात. वहिनी हातातलं लाटणं थांबवून म्हणाली, “आधी कैफ, मग हाल? ही तब्येतीची चौकशी आहे की दारुड्याची?” तेव्हा आत्या हसली, आणि हसता हसता डोळे पुसून घेतले.

तिने नियम पाळला. बरण्या भरल्या, ब्रश धुतले, कागद दोरीवर वाळत घातले. मुलांनी विचारलं की ती ओठांवर बोट ठेवायची. त्यांना तो नवा खेळ वाटला; मग खेळ वाटेनासा झाला. सकाळचा गलका थांबला. वर्गात मोठ्या बाई फळ्यावर वाक्य लिहीत, मुलं एका सुरात म्हणत, आणि सूर थांबला की पंख्याचा आवाज ऐकू येई. आत्या दुपारभर पाण्यात रंग विरघळताना बघायची. कधी कधी तिला वाटायचं की शब्दही असेच जातात, आधी एक निळी रेघ, मग पाणी जरासं निळसर, मग नुसतं पाणी. घरी जाताना वाटेत ती मनातल्या मनात शब्द मोजायची. दिवा, दार, दूध. त्या आठवड्यात कात्रीचा शब्द सापडला नाही.

शिबिरातली सगळ्यांत लहान मुलगी, जिला सगळी पिटुकली म्हणत, पंधरा दिवसांत तोंड उघडून एक शब्द बोलली नव्हती. एका सुरात म्हणायच्या वेळी नुसते ओठ हलवायची. रंगांच्या दिवसांतही फक्त बाटलीवर बोट ठेवायची. त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पायरीवर बसून राहिली. आत्याने जवळ जाऊन तिच्या कपाळावर हात ठेवला. तेवढ्यात मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी नियमाप्रमाणे पूर्ण वाक्यात, शुद्ध अरबीत विचारलं की तुला काय होतंय. पिटुकलीला त्यातलं काही कळलं नाही. तिने आत्याकडे पाहिलं. आत्या गप्प होती. मग पिटुकलीने खाली बघत, अगदी हळू, दोन शब्द एकमेकांना जोडले.

“लोनी रमादी.”

माझा रंग राखाडी आहे.

सवयीने मोठ्या बाईंनी वाक्य तपासलं असणार. लोनी, माझा रंग, रमादी, राखाडी, पुस्तकातसुद्धा हे असंच लिहिलं असतं, एका मात्रेची चूक नाही. आणि हे वाक्य फळ्यावर कधीच नव्हतं. पंधरा दिवसांत बावीस मुलांपैकी कुणीही स्वतःचं असं वाक्य केलं नव्हतं, हे पहिलंच. पिटुकलीला ताप होता. अंधाराच्या खोलीत सतरंजी घालून आत्याने तिला निजवलं. वडील येईपर्यंत दोघी भिंतीवरचं उलटं झाड बघत राहिल्या.

सगळे गेल्यावर मोठ्या बाई चित्रांच्या वर्गात आल्या. आत्या बेसिनपाशी होती. बाई स्टुलावर बसल्या, आणि प्रथमच त्यांच्या साडीची घडी चुरगळली.

“तुम्हाला त्या भाषेत स्वप्नं पडतात?” त्यांनी विचारलं.

“पडतात. बहुतेक मी कुणावर तरी ओरडत असते.”

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “मला तीस वर्षांत एक नाही पडलं. परीक्षा दिल्या, घेतल्या. पण या भाषेत मला कधी कुणी जेव म्हटलं नाही. कधी कुणी रागावलं नाही.” मग, “शनिवारी तुम्ही या. फळा माझा. बोलणं तुमचं.”

आत्याने मान हलवली. काही म्हणायला हवं होतं, पण आता कोणत्या भाषेत, हे तिला सुचेना.

बोलता बोलता बाईंनी शेजारचा एक ब्रश उचलला, त्याचा रंग कागदाला पुसला, आणि तो पाण्याच्या बरणीत उभा सोडून दिला, केस खाली करून.

“या बिन्त,” आत्या म्हणाली. अगं मुली. आणि पुढचं सगळं तिच्या तोंडून अरबीत आलं, न थांबता. ब्रश असा ठेवतात का, केस मोडतात, तुला कुणी शिकवलं नाही का, एवढी मोठी झालीस, ऐब अलेच, लाज वाटू दे जरा. वॉर्डात औषध थुंकणाऱ्या पोरांना ती ज्या सुरात बोलायची तोच सूर. त्यात एक शब्द असा होता जो तिला कित्येक वर्षांत आठवला नव्हता. तो आला आणि निघूनही गेला, तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मोठ्या बाईंनी ते शब्द टिपून घ्यायला घाईने पर्समधून वही काढली. आत्याने ती त्यांच्या हातून घेऊन मिटली आणि बाजूला ठेवली.

मग बाईंनी उत्तर दिलं. अरबीत माफी मागितली, लांबलचक, प्रत्येक शब्दाच्या शेवटचा स्वर पुस्तकातल्यासारखा जागच्या जागी.

आत्याने ते पूर्ण ऐकून घेतलं. “असं कुणी बोलत नाही,” ती आपल्या वॉर्डातल्या अरबीत म्हणाली. “पुन्हा.”