उजव्या दाराची पट्टी

“वाघमारे, दारातून बोट जातंय माझं,” वकीलसाहेब म्हणाले. बोट जात नव्हतं, फार तर रुपयाचं नाणं गेलं असतं. पण फट होती, आणि दोन्ही दारांना होती.

लातूर लवकरच जिल्हा होणार होता. माझं गॅरेजही नवंच. साहेबांच्या वडिलांनी निजामाच्या काळात घेतलेली मोटार हे माझं पहिलं मोठं काम. त्या मोटारींची बॉडी म्हणजे आत लाकडी सांगाडा आणि वरून खिळ्यांनी ठोकलेला पत्रा. सांगाडा वाळवीनं खाल्लेला, इंजिन जाम. साहेबांना रूप जुनंच हवं होतं, वेग मात्र नवा. नव्या जिल्ह्याच्या झेंडावंदनाला ते तिच्यातून जाणार, हे गावभर सांगून झालं होतं. तिथं फजिती झाली असती तर माझ्या गॅरेजकडे कुणी फिरकलं नसतं.

मी जीपचं दणकट इंजिन बसवलं. त्याच्या जोरानं सांगाडा खिळखिळा होऊ नये म्हणून हदगावकडचे नामदेव मिस्त्री आणले. ते बैलगाड्या करायचे. दुष्काळात नवी गाडी कोण सांगणार, म्हणून आले. मी आयटीआय केलेला माणूस, पण असं काम पाहिलं नव्हतं. बाभळीचे जोड, त्यात लाकडी खुंट्या. स्क्रू नाही, सरस नाही. औशाच्या रस्त्यावर ट्रायल घेतली. ऐंशीच्या वेगालाही सांगाडा कुरकुरला नाही. मी मनातल्या मनात हात जोडले.

आणि आता ही फट. मिस्त्री गावाकडे गेले होते. मी साहेबांपुढे मान डोलावली आणि उजव्या दाराच्या खांबावर लाकडी पट्टी ठोकली. दार घट्ट बसलं. डावं दुसऱ्या दिवसावर ठेवलं.

मिस्त्री परतले. पट्टीवरून हात फिरवत म्हणाले, “हे काय करून राहिले तुम्ही?”

“फट होती, मिस्त्री.”

“मीच ठेवली ती. लाकूड पार सुकून गेलं हाय. ओल लागली की फुगणार. त्याला जागा नको?”

साहेब तिथंच होते. “मिस्त्री, आम्हाला पुरावा लागतो.”

मिस्त्रींनी डाव्या खांबाला आतून पोतं गुंडाळलं आणि आपल्या पिण्याच्या घागरीतलं पाणी त्यावर ओतलं. टँकरपुढे रांगा लागायचे ते दिवस. मला बघवेना. दोन दिवस त्यांनी पोतं ओलं ठेवलं. मग सोडलं. दार कपाटासारखं बसलं, फट गेली.

साहेबांनी ते चार वेळा लावून पाहिलं. “छान. पण उजवंही बसतंय की. राहू द्या पट्टी.”

“तुमची मर्जी,” मिस्त्री म्हणाले. मी काढायला हवी होती. धीर झाला नाही.

झेंडावंदनाच्या आधी दोन दिवस भुरभुर लागली. पिकाला त्याचा काही उपयोग नव्हता, लाकडाला पुरेशी होती. साहेबांनी सकाळी उजवं दार धाडकन ओढून लावलं आणि मोटार झोकात मैदानावर आणली. लोकांनी वाट करून दिली. मग दार उघडेना. त्यांनी खांद्यानं रेटलं. शेवटी टोपी सांभाळत, गिअरचा दांडा ओलांडत ते डावीकडे सरकले. ते दार एका बोटानं उघडलं.

गर्दीत माझ्या शेजारी मिस्त्री उभे होते. ते हसले नाहीत. मला त्यांचा फार आदर वाटला आणि स्वतःची लाज.

दुसऱ्या दिवशी साहेब गॅरेजवर आले. मला ओलांडून सरळ मिस्त्रींकडे गेले आणि म्हणाले, “उजवीकडंही फट ठेवा.”

तेव्हापासून कुणाच्या कामात फट दिसली, तर बुजवण्याआधी मी त्याला विचारतो.