लेकीच्या खोलीची भिंत

लातुरात घर बांधायचं म्हणजे आधी जमिनीखाली बांधायचं. आमच्या हौदाचं खोदकाम बघून शेजारच्या काकांनी विचारलं, "वैनी, तळघर काढून राहिलात का?" मी म्हणाले, "विहीर काढून राहिले. फक्त पाणी टँकरनं आणून टाकायचं." गच्चीवरचं पावसाचं पाणीही त्यातच यावं, ही माझ्या पोराची कल्पना. तो इंजिनियर आहे, मोबाईलवर सारखी परदेशातली घरं बघत असतो. पश्चिमेला एकीऐवजी दोन भिंती आणि मध्ये पोकळी, म्हणजे उन्हाळ्यात घराची भट्टी होत नाही, हेही त्याचंच. यातल्या कशालाही मी आडवी गेले नाही. साड्यांना फॉल लावत लावत मी माझं मॅचिंग सेंटर उभं केलंय. माल चांगला असला तर मी भावासाठी भांडते, पण घेते.

माझं बिनसलं ते एका भिंतीवरून.

आर्किटेक्ट पुण्याला शिकून आलेला, माझ्या पोराच्या वयाचा. त्याच्या ऑफिसात आम्हाला बसवून, लॅपटॉप माझ्याकडे फिरवून म्हणाला, "काकू, ही दीदीची खोली. हॉलच्या बाजूला हिला भिंत नाही, सरकतं पार्टिशन आहे. उद्या दीदीचं लग्न झालं की सरकवायचं, हॉल मोठा. परवा नातवंडं आली की परत खोली. घर कसं, माणसांबरोबर बदललं पाहिजे."

पोरगा मान डोलवत होता. आमचे हेसुद्धा डोलवत होते, पण ते कशालाही डोलवतात.

"आणि पोराच्या खोलीला?"

"तिथं भिंत आहे, काकू."

"का? तो बदलणार नाही? बिनलग्नाचा राहणार आहे?"

मी एवढी का भडकले हे कळायला माझं मुखेडचं माहेर माहीत पाहिजे. ज्या खोलीत बसून मी शिवण शिकले, तिथं माझं लग्न होऊन महिना झाला नाही तोच भावांनी खताची पोती रचली. पहिल्या दिवाळीला गेले तर माझी गादी युरिया आणि फवारणीच्या पंपाच्या मध्ये. वैनी म्हणाली, "तुमचीच खोली आहे की, ताई." अजूनही मी तिथंच झोपते आणि सकाळी शिंकत उठते. त्या घराला सरकतं पार्टिशन नव्हतं, तरी खोली कशी सरकते ते मी बघितलेलं आहे. इकडे माझ्या लेकीसाठी स्थळं बघणं चालू होतं, आणि तिच्या जाण्याची तयारी नकाशातच करून ठेवलेली.

पोरगा समजावायला लागला, "मम्मी, भिंत नाही म्हणजे विटा कमी, सिमेंट कमी. पर्यावरणाचा विचार..."

"पर्यावरण सगळं तुझ्या बहिणीच्याच भिंतीत राहतं का? तुझ्या खोलीला दोन बाल्कन्या आहेत. एक काढ, दोन-चार झाडं वाचतील."

कुणी ऐकेना. मग मी दुकानातली युक्ती काढली. भाव जमत नसला की गिऱ्हाईक पायरी उतरतं आणि आपण मागून हाक मारतो. हा खेळ मी दोन्ही बाजूंनी खेळलेय. मी उठले, चप्पल घातली, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले. हाक आली नाही. पर्स आत राहिली होती म्हणून परत यावं लागलं, तर माझ्या वाट्याचा चहा आर्किटेक्ट पीत होता.

म्हणजे खरोखर काहीतरी द्यावं लागणार होतं. पोराला घर बाहेरून उघड्या विटांचं हवं होतं, बिनगिलाव्याचं, बिनरंगाचं. मला हवं होतं इलेव्हेशन, म्हणजे घराचं नटवलेलं तोंड. मुखेडला भावांच्या घराला पुढं दोन खांब आहेत, गुलाबी टाइल्स आहेत आणि फाटकावर दोन सिमेंटचे सिंह. त्या सिंहांनी मान खाली घालावी असं घर बांधायचं, यासाठी मी इतकी वर्षं अस्तराच्या कापडात डोळे घालवले.

"इलेव्हेशन सोडते," मी म्हणाले. "टाइल्स नको, खांब नको. गिलावासुद्धा नको. पण माझ्या लेकीच्या खोलीला चार भिंती, तिचं वेगळं बाथरूम आणि बाहेरून एक दार."

"डन, काकू," आर्किटेक्ट म्हणाला. जराही घासाघीस नाही. तेव्हाच कळलं, मी जास्त देऊन बसले. ते अजून सलतं.

वास्तुशांतीला थोरला भाऊ वैनीला घेऊन गाडीनं आला आणि रस्त्यावरच थांबून घराकडं बघत राहिला.

"माय, सिमेंट संपलं का गं? सांगायचं न्हाई का, धाडून दिलं असतं."

पोरगा पुढं झाला. "मामा, मुद्दाम ठेवलंय. विटा श्वास घेतात."

"घेऊ दे बापा. आपल्याला काय, फक्त खोकल्या न्हाई म्हणजे झालं."

मग घर बघत बघत तो लेकीच्या खोलीशी आला. "ही कुणाची?"

"पोरीची."

"लग्न झाल्यावर वर्षातून दोनदा येणार ती. कशाला एवढी जागा? तू येतीस तर आमच्याकडं राहत न्हाईस का?"

"हाव, राहते की, दादा. युरियाच्या मांडीला मांडी लावून."

वैनी एकदम दाराची कडी बघायला लागली. दादा म्हणाला, "तुझं अजून तेच हाय का?"

"तेच हाय. पोती पण तिथंच हायत."

त्यानंतर तो जेवायला बसला आणि भाताशिवाय कशाबद्दल बोलला नाही.

पाहुणे गेले तशी मी लेकीला खोलीत नेलं. ती नांदेडला एका दवाखान्यात औषधं देण्याचं काम करते, त्या दिवसापुरती आली होती. मी तिला सगळं सांगितलं: पार्टिशन, भिंत, गेलेलं इलेव्हेशन. म्हटलं, आता रडेल, गळ्यात पडेल. मी पदर हातात धरून उभी.

तिनं बाहेरचं दार उघडून बघितलं. नळ सोडून बघितला.

"मम्मी, खोली खरंच माझी? लग्न झाल्यावरही?"

"तुझीच."

"मग बाहेरगावाहून क्लासला आलेल्या दोन पोरी ठेवते. वेगळं दार आहे, बाथरूम आहे, लातुरात आणखी काय लागतं? भाडं माझ्या खात्यावर."

माझं डोकं फिरलं. "माझं इलेव्हेशन गेलं ते भाडेकरू ठेवायला? सणाला आलीस तर कुठं झोपशील?"

"सणाला त्या पोरी आपल्या घरी जातील. एरवी आले तर तुझ्याजवळ. पप्पांना हॉलमध्ये धाडू."

हे दारात उभे राहून मान डोलवत होते.

"खोली बंद ठेवली तर तूच तिच्यात कापडाचे गठ्ठे टाकशील," ती म्हणाली. मी खिडकीतून बाहेर बघितलं. एक गठ्ठा अजून रिक्षातून उतरायचा होता.

आठवड्याभरात अहमदपूरकडचे दोन बाप आपापल्या पोरींना घेऊन आले. लेक मुद्दाम सुट्टी काढून आली होती. त्यांनी भाडं विचारलं तशी सवयीनं मी पुढं सरकले. ती म्हणाली, "मम्मी, तू थांब. खोली माझी आहे."

तिनं मी मागितलं असतं त्याहून जास्त मागितलं आणि एक रुपया कमी केला नाही. मी आत जाऊन सगळ्यांना चहा टाकला.