दाजी आणि पडद्यावरची तक्रार

माझ्या साडूंइतक्या अदबीने संगणकाशी वागणारा माणूस सातारा-सांगलीत तरी दुसरा झाला नसेल. नव्वदच्या दशकात इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात ते संगणक विभाग सांभाळत, मी तिथेच शेती खात्यात होतो. बायकोच्या देखादेखी मीही त्यांना दाजीच म्हणे. पडद्यावर तक्रारीची ओळ उमटली की दाजी चष्मा पुसत, खुर्ची मागे सारून उभे राहत आणि ती ओळ मोठ्याने वाचत. तोवर कुणी बटणाला बोट लावायचं नाही. "त्यानं तोंड उघडलंय, आदी ऐकून तर घ्या," म्हणत. एका प्रोग्रॅमने काढलेली माहिती आदेशात मध्ये उभी रेघ देऊन दुसऱ्याकडे सोडायची, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, अशी त्या यंत्राची रीत होती. दाजी तिला पाट म्हणत. पाट अडला की ते एकेक प्रोग्रॅम सुटा चालवून बघत, कारण "बोंबलतो एक, अडल्याला असतो दुसराच." घरीही तेच. माझ्या बायकोचं आणि मेव्हणीचं वाजलं की दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकेकीचं ऐकत. भांडण मिटे, कारण दोघी मिळून दाजींवरच उलटत.

एका हंगामात ऊसतोडीची यादी लागली आणि त्यात एका वाडीची नावंच नव्हती. ऊस तुऱ्यावर आलेला, तोड लांबली की वजन घटणार. वाडीतले एक निवृत्त सुभेदार गावकऱ्यांना घेऊन आले आणि यादी काढणाऱ्या मालनबाईंसमोर उभे राहिले. "बाई, आमची नावं कुणाच्या सांगण्यावरनं गाळली?"

"आवं, मी निस्तं बटन दाबलं. यंत्र काय बोललंच न्हाई," मालनबाई कशाबशा म्हणाल्या. वरच्या साहेबांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगूनही टाकलं.

दाजींनी पाट तोडला आणि पहिला प्रोग्रॅम एकटा चालवला. लगेच ओळ उमटली: वाडीची फाईल उघडायला परवानगी नाही.

"मग हे बाईंना का दिसलं न्हाई?" सुभेदारांनी विचारलं.

दाजी मूळ आदेशाच्या शेपटाकडे बघत राहिले. तक्रारीच्या ओळी परस्पर नाहीशा व्हाव्यात, अशी सोय तिथे केलेली होती. मागे पाहुणे संगणक बघायला येणार होते, पडदा नीटस दिसावा म्हणून दाजींनी स्वतःच ती केली होती आणि काढायची विसरले होते.

"त्याचं तोंड मीच बांधलं हुतं," दाजी सगळ्यांसमोर म्हणाले. "बाईंचा दोष न्हाई. काय करायचं ते माझं करा."

सुभेदार म्हणाले, "ऊस कवा तुटंल, तेवढं सांगा."

दुपारी नवी यादी लागली. मालनबाई राहिल्या. दाजींची मात्र साखरेच्या गोदामावर बदली झाली. ऊस तुटल्यावर सुभेदार एकदा तिथे आले आणि दाजींशेजारी पोत्यावर बराच वेळ बसून गेले. त्या संध्याकाळी मी घरी म्हणालो, "दाजी थकलेत."

"थकले नाहीत," बायको म्हणाली. "गप झालेत."

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारचा डबा घेऊन गोदामावर जायला लागलो.