दुप्पट भावाचं माप

“वाढीवरही वाढ चढते भावोजी, नुसतं भागून कसं चालेल?” कपडे शिवणारी वहिनी एकदा दिराला म्हणाली.

तिच्या दुकानाची जागा दिराची. दहा वर्षांत भाव दुप्पट झाले, म्हणजे महागाई वर्षाला दहा टक्के, हे त्याचं गणित. भाडंही दरवर्षी तेवढंच वाढवायचं, असा त्याचा हट्ट.

वहिनीने कॅल्क्युलेटरवर १.१ दहा वेळा गुणून दाखवला. दोनच्या जागी २.५९ आले. मग तिने १.०७ घेतला. दिराची बायको, म्हणजे जाऊबाई, मोठ्याने मोजू लागल्या, मध्येच दोघींना हसू फुटलं, मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून. आले १.९७.

“घट्ट होतंय वहिनी, जरा सैल सोडा,” जाऊबाई म्हणाल्या.

१.०७२ घेतल्यावर दोन जमले.

“बरं, सात पॉइंट दोन टक्के,” दीर पुटपुटला.

हसू दाबत, गळ्यातली टेप सावरत वहिनी बाहेर पडली.