जिना उतरल्यावर

‘आधी चालून दाखवा, मग बोला,’ असं ती प्रत्येकाला म्हणायची. कुणी कंबर धरून आलेला असो, कुणी मान वाकडी करून. आत आल्या आल्या दुखण्याची कहाणी सुरू झाली की ती हात वर करून थांबवायची आणि दाराकडे बोट दाखवायची. माणूस गोंधळून दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. ती त्याच्या तोंडाकडे बघायचीच नाही. बघायची पायांकडे, आणि कान देऊन ऐकायची.

हे वाक्य तिला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या पदरात फजितीनं टाकलं.

तिचं शिक्षण कायरोप्रॅक्टिकचं. औषध नाही, सुई नाही. अडकलेला मणका हातांनी मोकळा करायचा. शिकून आली तेव्हा तिच्या बोटांत कसब होतं आणि डोक्यात हवा. दवाखान्याची जागा तिनं पसंत केली ती उजेड पाहून. तिसरा मजला, मोठाल्या खिडक्या, सकाळचं ऊन थेट टेबलावर यायचं. लिफ्ट नव्हती. जिना अरुंद, उभा, मधेच वळणारा. पाठ दुखणारा माणूस हा जिना चढणार कसा, हा प्रश्न तिला पडला नाही, घरमालकाला पडला नाही, आणि उद्घाटनाला धापा टाकत येऊन तोंडभर कौतुक करणाऱ्या नातेवाइकांनाही पडला नाही.

पडला तो जिन्याखालच्या न्हाव्याला. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासत तो म्हणाला, “ज्याला हा जिना चढता येतो त्याला बाईंची गरज नाही. आणि ज्याला गरज आहे तो माझ्या बाकावर बसून पाणी पितो आणि घरी जातो.”

गाव हसलं. तेव्हापासून तिचं नाव पडलं जिनेवाली.

ती वर टेबलाशेजारी उभी राहून पावलं ऐकायची. चढणारी, वळणावर थांबणारी, आणि मग हळूहळू उतरून जाणारी. कुणाचं पाऊल घासत यायचं, कुणाचं एकच जड पडायचं. चेहरा दिसायच्या आतच माणूस परत गेलेला असायचा. शेवटी तिनं गाशा गुंडाळला. टेबल खाली उतरवताना वळणावर एका हमालाच्या कमरेत उसण भरली. तिनं त्याला रस्त्यातच त्या टेबलावर पालथं घातलं आणि मोकळं केलं. सगळ्या रस्त्यानं पाहिलेला तिचा तो पहिला पेशंट, आणि त्या दवाखान्याचा शेवटचा.

टेबल गेलं मामांच्या बुटांच्या दुकानात, मागच्या खोलीत, खोक्यांच्या ढिगाखाली. आणि ती बसली पुढे, लोकांच्या पायांत बूट चढवत. दुकान बोगद्यासारखं लांब आणि चिंचोळं. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला आरसा. बूट घातला की मामा म्हणायचे, “चालून बघा,” आणि गिऱ्हाईक आरशापर्यंत जाऊन यायचं. मामांचं वैद्यक सोपं होतं. जगातली सगळी दुखणी त्यांच्या मते घट्ट बुटांमुळे व्हायची.

“मामा, माझं डोकं दुखतंय.”

“एक नंबर मोठा घाल.”

गिऱ्हाईक आरशात बूट बघायचं. ती खाली बसून चाल बघायची. तीच पावलं होती ती, जिन्यावरची. आता पावलांच्या वर माणूसही दिसत होता. एक शिवणकाम करणाऱ्या बाई चपला घालून निघाल्या आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “ताई, कंबर कधीपासून धरलीय?” बाई जागीच थांबल्या. म्हणाल्या, “मी कुठं काही बोलले?” त्या दिवशी खोकी खाली उतरली आणि टेबल पुन्हा टेबल झालं.

मग एकाचं दुसऱ्याला कळत गेलं. खालचा मजला, जिना नाही, आणि चालायला भरपूर जागा. लोक बुटांचं निमित्त करून येऊ लागले. मामा कुरकुरायचे, “अगं, हे सगळे जुन्याच चपला घालून परत जातात!” पण ती अजून मागच्या बोळानं यायची आणि मागच्याच दारानं जायची. पुढच्या रस्त्यावर न्हाव्याचं दुकान होतं, आणि वर तो जिना.

घडी नीट बसतेय तोच शिट्टीमास्तर आले. शाळेतले कवायतीचे सर. गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्या शिट्टीवर डावा-उजवा करून गेलेला. तीसुद्धा. मास्तर टेबलाशी गेले आणि शर्टाची बटणं काढू लागले. “पोरी, पाठ धरलीय. एक कट्ट आवाज काढ आणि मोकळं कर.”

“सर, आधी चालून दाखवा.”

“मी? अगं, तुला चालायला मी शिकवलंय!”

तरी ते चालले, छाती काढून. ती ऐकत होती. डावं पाऊल टाचेवर टेकून पुढं वळत होतं. उजवं फटकन सपाट पडत होतं.

“आता नुसत्या टाचांवर चाला.”

डावा चवडा उचलला गेला. उजवा जमिनीला चिकटून राहिला. मास्तरांनी खाली पाहिलं, मग चटकन वर.

“सर, पायाकडं जाणारी नस दबलीय. मी हात लावणार नाही. तुम्ही आजच हॉस्पिटलात जा.”

मास्तरांचा चेहरा लाल झाला. पुढे दुकानात गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्या देखत ते गरजले, “हात लावायची छाती नाही, आणि दवाखाना मांडून बसलीय! जिनेवाली ती जिनेवालीच!”

गावात मास्तरांचा शब्द शिट्टीसारखा जायचा. आठवडाभरात दुकानातली वर्दळ आटली. मागच्या खोलीत टेबलावर पुन्हा एक खोकं आलं, मग दुसरं. हेही बंद पडलं तर तिसऱ्यांदा उभं राहण्याचं बळ आपल्यात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मामा न राहवून म्हणाले, “एक कट्ट केलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“त्यांचा पाय गेला असता, मामा.”

“आणि आता तुझं दुकान जातंय त्याचं काय?”

“जाऊ दे. पाय पुन्हा कुठून आणायचा?”

मामांनी तोंड उघडलं. बहुधा एक नंबर मोठा बूट सुचवणार होते. पण हातातल्या बुटाला ब्रश मारू लागले.

काही दिवसांनी मास्तरांच्या बायकोनं यजमानांचे बूट पिशवीतून आणले. उजव्याचा चवडा झिजून पार फाटला होता, डावा जवळजवळ नवा. “रोज अडखळतात,” ती हळूच म्हणाली, “आणि फरशीला शिव्या देतात. जरा तूच समजाव ना.”

“मावशी, माझं ते ऐकायचे नाहीत. दोन्ही बूट त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवा. आणि उद्या नाही, आजच त्यांना हॉस्पिटलात न्या.”

मास्तरांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. पाऊस संपून ऊन पडायला लागलं तेव्हा मास्तर काठी टेकत दुकानात आले. दारापासून आरशापर्यंत गेले आणि परत आले. उजवं पाऊल अजून किंचित उशिरा टेकत होतं, पण टेकत होतं टाचेवर.

“कसं आहे?” त्यांनी विचारलं.

“कवायतीला चालणार नाही, सर. घरी जायला चालेल.”

मास्तर हसले. मग वळून बाकावरच्या गिऱ्हाइकांवर शाळेतल्यासारखे ओरडले, “बघताय काय? चालून दाखवा तिला!”

त्यानंतर टेबलावर खोकी कधी आली नाहीत. पुढे शेजारचा गाळा जोडला गेला, टेबलं वाढली, हाताखाली शिकलेली माणसं आली. आरसा मात्र तिनं हलवू दिला नाही. मामा थकले आणि दाराशी बाक टाकून बसू लागले. मास्तर संध्याकाळी त्यांच्या सोबतीला यायचे.

एका संध्याकाळी काम संपवून तिनं पिशवी उचलली आणि सवयीनं मागच्या दाराकडे वळली. बाकावरून मास्तर म्हणाले, “गावाला चालायला लावलंस. तुला चालताना आम्ही कधी बघायचं?”

ती थबकली. हसली. मग आरशाकडून दाराकडे आली, दोघांच्या मधून पायरी उतरली आणि पुढच्या रस्त्याला लागली. न्हाव्याच्या दुकानावरून, त्या जिन्यासमोरून, मान वर करून. न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर आला आणि बघत राहिला.

मामा डोळे बारीक करून म्हणाले, “डावा बूट घट्ट दिसतोय.”

“मामा, गप्प बसा,” मास्तर म्हणाले. “बघू द्या.”

आणि ती कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघं बघत बसले.