भागूबाईची नथ

भिंगारचा छगन नगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई. पण ऐट अशी, की नवखी पोरं त्यालाच सर म्हणायची आणि हा पठ्ठ्या ओ द्यायचा! बहात्तर सालच्या उन्हाळ्यात भौतिकशास्त्राच्या राधाकृष्ण सरांनी पुण्याहून निळ्या प्रकाशाचा लेसर महिनाभरासाठी उसना आणला आणि होलोग्राम, म्हणजे काचेच्या आत वस्तू खरीखुरी उभी दिसेल असा फोटो, करायचं खूळ डोक्यात घेतलं. जिलेटिन वितळवायचं, त्यात डायक्रोमेटचं नारिंगी मीठ कालवायचं, काचेवर पातळ थर द्यायचा, हे काम छगनचं. जिलेटिन हाडांपासून होतं, हे मात्र त्यानं घरी कध्धी सांगितलं नाही.

फोटो घ्यायचा तर वस्तू तसूभरही हलता कामा नये. सरांनी ठेवलेला पेरू सुकता सुकता हलला आणि काच कोरीच राहिली. तेव्हा छगन म्हणाला, "सर, आमच्या आईची नथ आणू का?"

त्या नथीत भागूबाईचा जीव अडकलेला. नवरा गेल्यापासून तिनं ती नाकात घातली नव्हती. रोज डबी उघडून नुसती बघायची. आता धाकट्या लेकीचं, चांगुणाचं लग्न ठरलं होतं आणि नथ तिला द्यायचं भागूबाईनंच कबूल केलं होतं. कबूल केलं खरं, पण तेव्हापासून तिला घास गोड लागेना.

फोटो काय झक्क आला! मागून काळा रंग दिलेली काच उन्हात धरली की आत सोनेरी नथ लोंबायची, मोती न् मोती वेगळा. थराला पाणी लागू नये म्हणून वर दुसरी काच चिकटवायची राहिली होती, पण छगनला दम कुठला? लग्नाच्या दिवशी नथ गेली चांगुणाबरोबर आणि काच आली भागूबाईकडे. तिनं ती थेट देव्हाऱ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवांना आंघोळ घातली, तशी काचेलाही घातली. नथ गायब!

"आता हीबी गेली रं," म्हणून म्हातारी जी बसली, ती चहालाही उठेना. छगन काच घेऊन सरांकडे पळाला. लेसर तर परत पुण्याला गेलेला.

"लेसर कशाला?" सर हसले. "थर शाबूत आहे ना? मग नथ त्यातच आहे, पाण्यानं थर फुगला म्हणून दिसत नाही. पाण्यात भिजव, गरम स्पिरिटमधून काढ, वाळव."

छगननं देवाचं नाव घेत तसंच केलं. गरम हवेखाली काच वाळली आणि हळूहळू नथ परत आली. या खेपेला त्यानं दुसरी काच चिकटवल्याशिवाय हात धुतले नाहीत.

दिवाळीला चांगुणा माहेरी आली. सकाळी तांब्या घेऊन देव्हाऱ्याशी बसली, तशी भागूबाई ओरडली, "अगं, तिला पानी नगं! त्यो देव बिनआंघोळीचा हाय."

चांगुणानं हसून नाकातली नथ काढली. "आई, दोन दिवस तुझ्याजवळ ठेव. बघत बस."

"नगं. माझी हाय की."

भागूबाई काच घेऊन दारात उन्हाला गेली. काचेत तिचा सुरकुतलेला चेहरा दिसत होता आणि आत नथ लोंबत होती. तिनं मान जराशी डावीकडे केली, जराशी वर केली. नथ बरोबर नाकाशी आली.

"चांगुणे," ती लाजत म्हणाली, "इकडं ये. कशी दिसती बघ."