हवालदार काकांची शिक्षा

भिंगारात मी माणसं पुष्कळ पाहिली, पण स्वतःलाच पकडून, स्वतःच स्वतःला हुकूम देत, दुसऱ्याच्या दारात आरोपी म्हणून उभा राहिलेला माणूस मात्र एकच पाहिला. ते आमच्या चाळीसमोरच्या, रस्त्यापलीकडच्या खोलीतले हवालदार काका. त्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली, तरी आठवली की अजून माझ्या हातातलं काम थांबतं. मी चौथी शिकलेली बाई. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण वहीपुढे लाजायचं काही कारण नाही, म्हणून लिहिते.

काका मूळचे कर्जतकडचे. पलटणीत चोवीस वर्षं काढून पेन्शनीत आले आणि गावी न जाता इथेच राहिले, कारण गावात म्हणे सकाळी छावणीचा बिगुल ऐकू येत नाही. काकू आधीच गेलेल्या, मुलगी सासरी. घरात ते आणि त्यांचा कुत्रा. कुत्र्याचं नाव मेजर. मेजर का, असं आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, तर काका म्हणाले, "चोवीस वर्सं मी मेजरांचं ऐकलं. आता मेजरानं माझं ऐकायचं!" आणि मेजर ऐकायचाही. काका "बैठ" म्हणाले की बसायचा, "सावधान" म्हणाले की कान ताठ करायचा. दूधवाल्यालासुद्धा काका रांगेत उभं करायचे, आणि रांगेत दुसरं कोणी नसलं तरी तो बिचारा उभा राहायचा. दोरीवर धोतर वाळत घातलं तर त्याची दोन्ही टोकं वीतभरही खालीवर नसायची. खिळ्याला एक चामड्याचा लांब पट्टा टांगलेला असे, मेजरसाठी आणलेला. दर रविवारी काका त्याला बुटाचं पॉलिश करायचे, पितळी कडी घासायचे आणि परत खिळ्याला लावायचे. मेजरच्या गळ्यात तो कधीच गेला नाही. काका म्हणायचे, "माझा कुत्रा शब्दावर चालतो. दोरीवर चालतंय ते ढोर."

हे ते माझ्याकडे बघून म्हणायचे, कारण माझी चिंगी दोरीवर चालायची. चिंगी म्हणजे तांबडी, मांजराएवढी कुत्री. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे काठ फाडून, त्यांची तिपेडी वेणी घालून मी तिची दोरी केली होती, हाताला काचू नये म्हणून. खरं सांगायचं तर चिंगीमुळे मी घराबाहेर पडायला लागले. कोणी विचारलं, कुठे निघालीस, तर मला उत्तर द्यावं लागायचं नाही. दोरीच उत्तर द्यायची. किल्ल्याकडच्या रस्त्याने चिंचेपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच दिवसातला माझा स्वतःचा वेळ होता.

त्या सकाळी चिंचेजवळ वळण घेतलं आणि समोरून मेजर धावत आला. काका वीसेक पावलं मागे होते. त्यांनी कवायतीच्या मैदानात द्यावा तसा आवाज दिला, "मेजर, थम!" मेजर थांबला नाही. दुसऱ्यांदा दिला. तिसऱ्यांदा दिला तेव्हा रस्त्यावरचा सायकलवाला थांबला, मेजर नाही. चिंगी पळायला बघत होती आणि मी घाबरून दोरीचे वेढे हाताला घेत होते. तिला पुढे जाता येईना, मागे जाता येईना. मी तिला जणू धरूनच दिली. मेजरने तिचा मागचा पाय जबड्यात धरला. काकांनी येऊन मेजरवर अंग टाकलं, स्वतःचं कोपर सोलून घेतलं आणि त्याला ओढून काढलं. आणि धापा टाकत मला म्हणाले, "बांधलेलं कुत्रं चिडकं असतंय ताई. तुमची आधी गुरगुरली."

चावल्याचा धक्का होताच, पण या वाक्याने मी नुसती थिजले. चिंगी गुरगुरली नव्हती. ती माझ्या पायांत शिरत होती. हे मला सांगायचं होतं. चिंगीला पदरात घेऊन मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी टाके घातले आणि बजावलं, टाके काढले की रोज चालवा, नाहीतर पाय आखडून कायमचा जाईल. टाके निघाले, पण चिंगी उंबऱ्याबाहेर पाय टाकायला तयार नव्हती. समोरच्या दाराकडे बघायची आणि चुलीमागे जाऊन बसायची. पाय दिवसेंदिवस पोटाशी ओढला जायला लागला. हे म्हणाले, "कुत्र्यांची भांडणं ती. शेजारधर्म हाय, आपुन काय बोलायचं?" मी तरी कुठे बोलत होते!

मग एका रविवारी सकाळी मी भाकरी थापत होते, तर बाहेर हुकूम ऐकू आला, "आरोपी, तेज चल! थम!" दारात काका. डोक्यावर टोपी नाही, कमरेला पट्टा नाही, घसरती विजार एका हाताने धरलेली. शेजारी मेजर, गळ्यात तो चकचकीत चामड्याचा पट्टा. पलटणीत गुन्हेगाराला साहेबापुढे पेश करताना टोपी आणि कमरपट्टा काढून घेतात, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मला वाटलं, काकांना उन्हाची चक्कर आली.

ते समोर कुठेतरी बघत कडक आवाजात म्हणाले, "आरोप! हुकूम मानत न्हाई असं जनावर मोकळं सोडलं. वर खोटं बोलला." मग आवाज उतरवून, स्वतःच, "कबूल हाय, साहेब." परत कडक, "काही सांगायचंय?" परत मऊ, "न्हाई साहेब. तीनदा थम म्हनलो, थांबला न्हाई. ज्याच्यावर हुकूम चालत न्हाई त्याला मोकळा सोडला, त्यात कुत्र्याचा काय गुन्हा?"

सगळी चाळ दारात आली. पलीकडच्या मावशी म्हणाल्या, "अवं हवालदार, आधी ती विजार सावरा!" काका हलले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, शिक्षा सांगा."

साहेब म्हणजे मी! हाताला पीठ, तव्यावर भाकरी, आणि पंधरा माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. मी दार लावायला हात घातला. पण मागून, चुलीच्या बाजूने, चिंगीचं बारीक रडणं ऐकू आलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "त्याला बांधून फिरवा. माझी चिंगी चालली पाहिजे."

"किती दिवस, साहेब?"

एवढं बोलूनच माझा जीव गेला होता. मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून काका रोज सकाळी आमच्या दारासमोर उभे, मेजर पट्ट्यात. पहिल्या दिवशी मेजर रस्त्यातच बसला. मोठा हुद्देदार असल्याने त्याला फार लागलं असावं. काका लांब उभे राहायचे, पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला घेऊन. चिंगी आधी उंबऱ्यापर्यंत आली. मग नळापर्यंत. एक दिवस काकांनी मेजरला दाबून बसवलं आणि चिंगी लंगडत त्याच्या समोरून चिंचेच्या दिशेने गेली. काकांनी तिला सलाम ठोकला. पाय थोडा वाकडा राहिला, पण राहिला.

असं वर्षानुवर्षं चाललं. पुढे ते, मागे आम्ही. मेजर म्हातारा झाला, त्याला माशी हाकलवेना, तरी काका पट्टा सोडेनात. मग एका पावसाळ्यात मेजर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारासमोर उभे. हातात नुसता पट्टा, त्याची कडी जमिनीला लागत होती.

मी बाहेर गेले. "काका, हे काय?"

"मुदत सांगितली न्हाई तुमी, ताई."

"संपली काका. कधीच संपली शिक्षा."

"तोंडी हुकूम चालत न्हाई. लेखी पायजे."

मी वहीचं पान फाडलं आणि लिहून दिलं, "हवालदार काकांची शिक्षा संपली." अक्षर वाकडंतिकडं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, पट्टा माझ्या दाराच्या खिळ्याला अडकवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. चिंगी रस्त्यावर बसून राहिली, समोरच्या दाराकडे तोंड करून. एके काळी त्याच दाराला बघून ती चुलीमागे पळायची! तेव्हा मला कळलं, मी काय लिहून दिलं ते. जन्मात कोणाच्या घरी आपणहून न गेलेली मी, रस्ता ओलांडून त्यांच्या दारात गेले. काका खाटेवर बसले होते, बूट घालून.

"काका, त्या कागदात चूक झाली माझी. चौथीच शिकलेली मी."

मी चिंगीची लुगड्याच्या काठाची दोरी, जी मी आजवर कोणाच्या हातात दिली नव्हती, त्यांच्यापुढे धरली. त्यांनी सवयीने मनगटाला दोन वेढे घेतले. चिंचेपर्यंत आम्ही गेलो. चिंगी पुढे, तिच्या वाकड्या पायावर. तिथे काकांनी हळूच विचारलं, "ढील देऊ का, साहेब?"

"नको काका," मी म्हणाले. "धरूनच चला."